सुकल्यावरचा वास

१

'नाकासमोर' हे माझं पान जे वाचतात त्यांना माझी पद्धत पाठ आहे. सेंट हातात आला की मी लगेच लिहायला बसत नाही. लोक टोपण उघडतात, एक फवारा मारतात, मोबाइलसमोर डोळे मिटून मान डोलावतात, आणि झाला त्यांचा रिव्ह्यू. असल्यांच्या नाकाचा उपयोग चष्मा अडकवण्यापुरता. माझा नियम सात दिवसांचा आहे. सात दिवस रोज सकाळी आंघोळीनंतर दोन फवारे, एक गळ्याशी आणि एक डाव्या मनगटावर, मधे दुसरं काही नाही. साबणसुद्धा बिनवासाचा. आठव्या दिवशी लिहायचं.

कारण सेंट पहिली दहा मिनिटं निव्वळ थापा मारतो. लिंबू, संत्रं, मिरी, जे भपकेबाज असेल ते पुढे करतो. मग तास-दोन तास जरा ताळ्यावर येतो. सगळं उडून गेल्यावर, चार-पाच तासांनी, कातडीवर जे काय शिल्लक राहतं ते त्याचं खरं. त्याला मी 'सुकल्यावरचा वास' म्हणतो. माझे निम्मे रिव्ह्यू त्या एका वासावर असतात, आणि त्यासाठीच लोक मला वाचतात, असा माझा समज आहे.

दिवसा मी जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात माल तपासतो. वितळत्या प्लास्टिकच्या वासात आठ तास काढून नाक शाबूत ठेवणं खायचं काम नाही. त्या प्लास्टिकने माझ्या उजव्या अंगठ्यावर एक डाग ठेवलाय, करंगळीच्या नखाएवढा, गुळगुळीत, पांढरट.

ही बाटली मला धुळ्याच्या अन्वरभाईंनी दिली. तिथल्या पाच कंदील भागात त्यांचं अत्तराचं जुनं दुकान आहे, आणि नवा माल आला की माझ्यासाठी एखादी बाटली बाजूला ठेवतात. ही म्हणे खोक्यात एक जादाच निघाली. वर नाव नाही, खाली नंबर नाही. पुरुषांसाठीची दिसते, लाकूड आणि मसाला आहे, फार कोरडी आहे, माझ्या नाकात काही बसत नाही, तुम्हीच बघा, असं ते म्हणाले. मी खूश होऊन घेऊन आलो.

हा मजकूर मात्र पानावर येणार नाही. पानावर जो रिव्ह्यू आलाय तो मी लिहिलेला नाही.

२

माझं नाक आबांकडून आलंय. आबा धुळ्यात एका लाकडाच्या वखारीत एकतीस वर्षं होते. चिमूटभर भुसा नाकाशी धरून साग की सिसम, ओला कापलाय की वाळवून, हे सांगायचे. सहा वर्षांपूर्वी काचबिंदूने त्यांचे डोळे गेले. आई होती तोवर तिच्या डोळ्यांवर चाललं. गेल्या श्रावणात आई गेली, आणि धुळ्याजवळच्या सोनगीरचं आमचं घर बंद करून मी आबांना जळगावला माझ्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये घेऊन आलो. माझं लग्न झालेलं नाही. आबांना मी आणि मला आबा, एवढंच आमचं घर.

तेव्हापासून आबा मला वासाने ओळखतात. संध्याकाळी मी कुलूप काढलं की आतल्या खोलीत मान वर करून हुंगतात आणि विचारतात, "ऊना का रे, उखर्डू?" आलास का रे. एवढं ऐकलं की माझा दिवस संपतो. घरी परत येण्याचं दुसरं कारण मला नाही.

उखर्डू हे माझं घरातलं नाव, शाळेतलं ललित. माझ्याआधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून मी झाल्यावर आईने मला पाचव्या दिवशी उकिरड्यावर ठेवून परत उचललं. उकिरड्यावरचं पोर न्यायला कोण येतंय, असा त्यातला हिशेब. आबांनी चव्वेचाळीस वर्षांत मला एकदाही ललित म्हटलं नाही. कॉलेजात मित्रांसमोर अशी हाक मारायचे तेव्हा धरणी पोटात घेईल तर बरं असं व्हायचं. पुढे सेंटांचा नाद लागला तो या नावावर उतारा म्हणूनच असावा.

रविवारी सकाळी पहिला फवारा मारला. मिरी, मग लवंग, मग देवदाराची फळी, खाली वाळ्याची मुळं. गोडाचा मागमूस नाही, फुलाचं नाव नाही. कोरडा म्हणजे इतका कोरडा की घशाला कोरड पडावी. असला नेमका सेंट मी कित्येक दिवसांत हुंगला नव्हता. पण दुपारी, सगळं उडून गेल्यावर मनगटावर जे उरलं ते मला माहीत होतं आणि नाव काही सुचेना. मी चिडलो. माझ्या नाकाला नाव सुचत नाही म्हणजे काय? शेवटी नेहमीसारखी कागदाची पट्टी आबांच्या हातात दिली. लाकडाचा सेंट असला की शेवटचा शब्द त्यांचा असतो.

आबांनी पट्टी बराच वेळ नाकाशी धरली.

"हाऊ लाकूडना वास नही," ते म्हणाले. "आगारीना शे." आगारीचा आहे.

आणि झटकन उलगडलं. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर गेलेल्यांच्या नावाने घास टाकतात. पुरणपोळी, भात, वर तूप. एकेकाचं नाव घ्यायचं आणि घास टाकायचा, तुपाचा भडका उडाला की तो पोचला. ही आगारी. जो माणूस वर्षाच्या आत गेलेला असतो त्याच्या नावाने पाण्याची घागरही भरायची असते. यंदा आईची पहिली घागर होती आणि आखाजी पुढच्याच रविवारी.

मला काय व्हायला हवं होतं आणि काय झालं बघा. मला आनंद झाला. मी लगेच वही काढून लिहिलं, 'आखाजीची आगारी अंगावर घेऊन फिरल्यासारखं.' असलं वाक्य वर्षातून एखादंच सापडतं. आबा म्हणाले, "धोई टाक." मी हसलो आणि सांगितलं की सात दिवसांचा नियम आहे, मधे धुता येत नाही.

३

आमच्याकडे सुनंदाबाई येतात. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. स्वयंपाक करतात, आबांकडे बघतात. नशिराबादहून रिक्षाने येतात आणि माझ्या सेंटांना सरसकट 'भाऊचं औषध' म्हणतात.

मंगळवारी संध्याकाळी पिशवी उचलता उचलता त्या म्हणाल्या, दुपारी आले होते तर दोन घास जेवून तरी जायचं. मी म्हटलं, मी कुठे आलो दुपारी? त्या हसल्या. वास घरभर होता, आबांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं, आबा बोलत होते, म्हणून बोलू द्या बापलेकाला म्हणत मी आत गेले नाही, असं त्या म्हणाल्या.

मी त्यांना समजावून सांगितलं. लाकडाचा सेंट कपड्याला धरून राहतो, उन्हं तापली की चादरीतून, पडद्यातून पुन्हा वर येतो. सकाळी मी आबांच्या पलंगावर बसून त्यांना चहा पाजला होता, त्याचा वास असणार. आणि आबा आईशी बोलतात अधूनमधून, ते काही नवीन नाही. सुनंदाबाईंना पटलं. मला तर माझं बोलणं नेहमीच पटतं.

मग मी आत गेलो आणि आबांच्या हातांकडे माझं लक्ष गेलं. नखं काढलेली होती. व्यवस्थित, कोपरे गोल करून. आबा सुनंदाबाईंना नखांना हात लावू देत नाहीत. ती मीच काढतो, रविवारी, आणि या रविवारी सेंटाच्या नादात राहून गेली होती.

मी विचारलं, नखं कोणी काढली?

"ललितनी," आबा म्हणाले.

मी पलंगाच्या कडेला उभा राहिलो. आबांच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदाच ऐकत होतो. म्हातारपण आहे, आई गेल्यापासून डोकं थोडं इकडेतिकडे होतंय, सुनंदाबाईच मला ललितभाऊ म्हणतात त्यांचं ऐकून बोलले असतील, असं मनाशी मी भरभर जुळवत गेलो. नखांचं मात्र काही जुळेना. आणि बाहेर येऊन चपला काढताना लक्षात आलं की आज मी आलो तेव्हा त्यांनी हाक मारली नव्हती.

४

बुधवारपासून मला तो वास येईना.

हे नवीन नाही. अंगावरच्या वासाला नाक सरावतं आणि आपला आपल्याला येत नाही. त्यावर इलाज आहे, दंडावरची कोरी कातडी हुंगायची, दोन मिनिटं थांबायचं, परत मनगट हुंगायचं. काही नाही. मी हिंगाची डबी उघडली. काही नाही. लसूण चेचला. बोटं चिकट झाली, वास नाही. कारखान्यात मशीनसमोर उभा राहिलो, एरवी डोळ्यांत पाणी येतं त्या जागी, तर हवा नुसती गरम होती.

गुरुवारी डॉक्टरांनी टॉर्च मारून बघितलं. उन्हाळ्याचं होतं असं, म्हणाले, पूर्वी ताप येऊन गेला असेल त्याचा परिणाम असेल, येईल परत.  नाक गेलं की जिभेची चव जाते, भूकही मरते. माझ्या भुकेचं उलटंच झालं होतं. दुपारी शेवभाजीच्या गाड्यावर बसलो. तर्रीने कपाळाला घाम फुटला, चव नाही. दुसरी प्लेट मागवली. तिसरी मागवली. पोट भरेचना. पोटात काही पडलंय असंच वाटेना. वाऱ्याचे घास खाल्ल्यासारखं.

खरं म्हणजे तेव्हाच थांबायला हवं होतं. आज मी स्वतःला शिव्या घालतो. पण घरात काय चाललं होतं तेही ऐका. आबा बोलायला लागले होते. श्रावणापासून दिवसाला चार शब्द बोलणारा माणूस. सुनंदाबाई कौतुकाने सांगत होत्या की आज वखारीतल्या गमती सांगत होते, आज आईच्या लग्नातली गोष्ट सांगितली, आज तर मोठ्याने हसले. सगळं दुपारी. सगळं लोटलेल्या दारामागे. आईच्या लग्नातली कोणती गोष्ट, मी विचारलं. त्या म्हणाल्या, तुम्हालाच तर सांगत होते.

मला ती गोष्ट माहीत नाही. माझा जळफळाट झाला. सांगायला लाज वाटते, पण झाला. घरात कोण येतंय याची भीती नंतर वाटली, आधी मत्सर वाटला. मग वाटलं, आबांना हा वासच आवडलाय, वासामुळेच ते खुलतायत, तर हा वास घेऊन मीच त्यांच्याजवळ बसतो. गुरुवारी संध्याकाळी हातपाय धुऊन मी चार फवारे मारले, नियम मोडून, आणि आबांच्या खोलीत गेलो.

आबा सावरून बसले. सदऱ्याची बटणं चाचपली. मग हाताने समोरची खुर्ची दाखवून म्हणाले, "बठा."

बठ नाही म्हणाले. बठा. पाहुण्याला म्हणतात तसं. मी बसलो. आबांनी मला विचारलं की कुठल्या गावाहून आलात आणि चहा घेणार का. मी आबा म्हणून हाक मारली तर हो जी, हो जी म्हणत राहिले. चांगल्या घरचा म्हातारा अनोळखी माणसाशी जसा अदबीने वागतो तसे ते माझ्याशी वागले, आणि ती अदब मला शिव्यांपेक्षा जास्त लागली.

५

शुक्रवारी मी अर्धी रजा टाकली. अडीच वाजता जिना चढलो तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पंचेचाळीसच्या वर पारा होता, कठडा हाताला चटके देत होता. कुलपाच्या किल्लीचा आवाज होऊ दिला नाही.

सुनंदाबाई स्वयंपाकघरात पाठमोऱ्या बसून गहू निवडत होत्या. पंखा घरघरत होता. आबांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आतून आबांचा आवाज येत होता.

मी दाराला कान लावला. आबा सांगत होते की वखारीत एकदा सागाच्या ओंडक्यात जिवंत नाग निघाला. मधेच थांबत होते. कोणी काही विचारावं आणि त्याला उत्तर द्यावं, तेवढंच थांबत होते. हां, हां, करत होते. मधल्या जागेत दुसरा आवाज नव्हता. मी फार कान देऊन ऐकलं. नव्हता. मग आबा हसले आणि पलंगाचं लोखंड करकरलं, कोणीतरी हसताना मागेपुढे हलल्यावर करकरतं तसं. आबांच्या अंगात एवढं वजन नाही.

मी दार ढकललं.

आबा पलंगावर एकटे होते. उजवीकडे किंचित कललेले, कोणाच्या तरी खांद्याला टेकल्यासारखे. त्यांच्या उजव्या बाजूला गादीवर खोल खळगा पडलेला होता आणि तो माझ्या डोळ्यांदेखत हळूहळू वर येत होता. कापूस दबला की उचलायला वेळ घेतो. ती गादी रोज मीच झटकतो.

आबांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"कोन शे?"

"आबा, मी आहे. उखर्डू." मी पुढे होऊन त्यांचा हात धरला. त्यांनी तो काढून घेतला आणि धोतराला पुसला. हात गार आहे, असं काहीतरी पुटपुटले. एप्रिलमधल्या दुपारी, जिना चढून आलेल्या माणसाचा हात. मग त्यांनी मान वळवली, माझ्याकडे नाही, माझ्या मागे.

"ललित," ते म्हणाले, "देख बरं, कोन ऊना ते."

मी मागे वळलो नाही. इतकं लिहितोय तर हेही लिहितो, मला वळायचा धीर झाला नाही. मी सताड उघडं टाकलेलं दार मागे सावकाश लोटलं गेलं. बाहेर झळा सुटल्या होत्या, वारा असणारच. वाऱ्याने दारं लोटली जातात. पण त्याच वेळी स्वयंपाकघरातून सुनंदाबाईंचा आवाज आला. त्या कोणाला तरी उत्तर देत होत्या.

"हो भाऊ, वाढतेच आता."

६

शनिवारी बाटली घेऊन धुळ्याला निघालो. एसटीत कंडक्टर माझ्या शेजारून दोनदा पुढे गेला. तिकीट काढायला मला त्याची बाही ओढावी लागली, तेव्हा तो दचकला.

अन्वरभाईंनी मला बघितलं आणि चेहरा फुलवून म्हणाले की आज सकाळीच वाचला, ललितभाऊ, कमाल लिहिलंय. मी विचारलं, काय वाचलं? त्यांनी मोबाइल पुढे केला. 'नाकासमोर'वर सकाळी सहा वाजता रिव्ह्यू आला होता. मिरी, लवंग, देवदार, वाळा. 'आखाजीची आगारी अंगावर घेऊन फिरल्यासारखं.' माझं वाक्य, माझ्या वहीतलं, आणि भोवती मी कधीच लिहू शकलो नसतो असं लिहिलेलं. आबांच्या वखारीतली ती नागाची गोष्ट त्यात होती. आईच्या लग्नातली गोष्ट होती. ती मी तिथे, दुकानाच्या पायरीवर, पहिल्यांदा वाचली. आईने हळदीच्या दिवशी आबांच्या फेट्याला सागाचा भुसा लागलेला बघून त्यांना हसून घेतलं होतं. शेवटची ओळ अशी होती: 'सुकल्यावर उरतो तो हाच. आता हाच माझा.'

मी माझ्या मोबाइलवर पान उघडायला गेलो. पासवर्ड चुकीचा आहे म्हणे.

मग मी पिशवीतून बाटली काढली. सहा दिवसांत वीस फवारेही मारले नसतील मी. बाटली रिकामी होती, आतून धुऊन वाळवल्यासारखी कोरडी. माझ्यापेक्षा कोणीतरी जास्त वापरत होतं.

मी अन्वरभाईंना म्हटलं, माझं नाक गेलंय, तुम्ही सांगा, अजून काय उरलंय. आणि मनगट त्यांच्यापुढे धरलं. हा माणूस चाळीस वर्षं दुसऱ्यांची मनगटं हुंगत आलाय. त्यांनी डोळे मिटून हुंगलं. परत हुंगलं. मग बाही वर सारून दंड हुंगला, आणि डोळे उघडून माझ्याकडे बघत राहिले.

"सेंट नाही," ते म्हणाले.

"उडाला असेल."

"तसं नाही, भाऊ. घामाचा असतो, कातडीचा असतो, आजारी माणसाचाही असतो." त्यांनी माझी बाही स्वतःच नीट खाली केली, वरची गुंडी लावली, लहान मुलाची लावतात तशी. "तुमच्या हाताला कसलाच वास नाही."

 त्यांनी दुकानातल्या माणसाला माझ्यासाठी पाणी आणायला सांगितलं आणि ते येईपर्यंत माझ्याकडे बघायचं टाळलं.

"घरी जा," शेवटी ते म्हणाले. "आबांना एकटं ठेवू नका."

"ते एकटे नाहीत," मी म्हटलं.

७

आज आखाजी.

सकाळी मी ठरवलं की काहीही होवो, आईची घागर मी आणणार आणि आबांच्या शेजारी मी बसणार. निखाऱ्यांवर घास टाकताना त्यांचा हात धरावा लागतो, नाहीतर भाजेल. गेल्या वर्षीपर्यंत आई धरायची. हे काम मुलाचं आहे. बाजारात एकेक घागर वाजवून बघितली, लाल, पक्की भाजलेली निवडली. वर ठेवायला डांगर घेतलं, आमच्याकडे खरबुजाला डांगर म्हणतात. हात हुंगला. मातीचाही वास आला नाही. चार दिवस खाऊन खाऊन पोट पाठीला लागलं होतं.

अकराच्या सुमाराला घरी आलो. दार उघडंच होतं. सुनंदाबाईंनी सकाळीच येऊन पुरण घातलं होतं. हे मला वासाने कळायला हवं होतं, पाट्यावरच्या डाळीवरून कळलं. आबा गॅलरीत पाटावर बसले होते, समोर घमेल्यात गोवऱ्यांचे निखारे. सुनंदाबाई बाजूला भिंतीला टेकून उभ्या होत्या. गॅलरीचं दार निम्मं लोटलेलं होतं, त्यामुळे मला आबांची एक बाजू दिसत होती आणि दुसऱ्या बाजूला कोण बसलंय ते दाराआड होतं.

भिंतीशी घागरी मांडल्या होत्या. पाण्याने भरलेल्या, वर डांगर, पोळी, कैरी. दोन घागरी.

एक आईची. मी हातात तिसरी घेऊन उभा राहिलो.

आबांनी पहिलं नाव आजोबांचं घेतलं. "झुलाल, घास ले." घास टाकला, तूप पेटलं. मग आईचं. "प्रमिला, घास ले." आवाज कापरा झाला. तूप पेटलं, चांगला हातभर भडका उडाला. दर वेळी दाराआडून एक हात यायचा, आबांचं मनगट धरायचा, निखाऱ्यांवर नेऊन अलगद मागे घ्यायचा. किती सांभाळून धरत होता. मी असा कधी धरला असता का, कोण जाणे. त्या हाताच्या अंगठ्यावर पांढरट डाग होता, करंगळीच्या नखाएवढा, गुळगुळीत. मी माझ्या अंगठ्याकडे बघितलं नाही. दोन्ही हातांनी घागर धरली होती, बघता आलं असतं.

मग आबा थांबले. सुनंदाबाईंनी हलकेच विचारलं की दुसरी घागर कोणाची, मला सांगितलं नाही कोणी.

"मना उखर्डूनी शे," आबा म्हणाले आणि रडायला लागले. आईच्या वेळीही ते असे रडले नव्हते. सुनंदाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. रोज संध्याकाळी कानांवर पडायचं ते नाव त्यांना आता आठवतही नसावं. पाळण्यात गेलेलं एखादं पोर असेल, असं वाटलं असणार. दाराआडचा हात आबांच्या पाठीवरून फिरला.

"आबा!" मी ओरडलो. "आबा, मी इथे आहे. मेलो नाही मी, आबा. मी इथे आहे."

सुनंदाबाईंनी वर बघितलं नाही. पण आबांनी मान वर केली. मंगळवारपासून पहिल्यांदा, दर संध्याकाळी करायचे तशी, आणि हवेत हुंगलं.  ओळखलं, मला वाटलं. आबांनी ओळखलं मला. त्यांच्या ओल्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं, माझ्या ओळखीचं, माझ्यासाठीचं.

"ऊना का रे, उखर्डू?"

"आलो, आबा," मी म्हटलं.

आबांनी पानातून मोठा घास केला. पुरणपोळी, भात, वर तुपाची धार. शेजारच्या हाताने त्यांचं मनगट धरलं.

"घास ले, बेटा," आबा म्हणाले आणि तो निखाऱ्यांवर टाकला.

थोडा वेळ नुसता धूर झाला. मग तूप पेटलं. भडका उडाला आणि मला वास आला. लवंग, कोरडं लाकूड, जळतं तूप, वेलदोडा, गोवरीचा धूर, सगळं एकदम, पहिल्या दिवशी मनगटावर आला होता त्याहून स्पष्ट. जिभेवर पुरणाची गोडी उतरली, गरम, आई करायची तशी. मी घागर धरून तसाच उभा होतो, हातपाय हलवले नव्हते, तोंडही उघडलं नव्हतं, आणि माझं पोट भरत चाललं होतं.